झाकणाचं इंग्रजी

माझी जीभ लहानपणापासून फटकळ. माहेर कल्याणचं; वडील तिथल्या शाळेत पंतोजी, आणि घरात सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय. भात करपला तर आम्ही 'भात करपला' म्हणत असू आणि तो खातही असू. लग्न होऊन मी ठाण्याला आले ती तलावाजवळच्या एका आळीत, भाड्याच्या घरात. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. माणसं तीनच: सासूबाई, हे आणि मी. आल्याआल्याच मला कळलं, की या घरात भात कधी करपत नाही. तो 'जरा लागल्यासारखा' होतो.

'जरा' हा सासूबाईंचा शब्द. ताप आला तर जरा कणकण, छप्पर गळायला लागलं तर जरा ओल, आणि माझा राग आला तर शेजारणीला सांगायच्या, 'सूनबाई जरा मोकळी आहे बोलायला.' ऐन तारुण्यात त्यांचं कपाळ पांढरं झालं होतं. तेव्हापासून अंगावर आलवण, सगळं सोवळ्यानं, आणि जेवण दिवसातून एकदा. तेही आम्हा सगळ्यांचं झाल्यावर. उन्हं कलली तरी त्या म्हणायच्या, 'तुमचं होऊ द्या, माझं मेलीचं काय.' 'मला भूक लागली आहे' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. यांनीही नव्हतं, आणि हे तर त्यांच्या पोटचे.

तसं पाहिलं तर आडवळणानं बोलणं आम्हा सगळ्याच बायकांना शिकवलेलं असे. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. बांगडी फुटली तरी वाढलीच. निघताना 'जाते' म्हटलं की सासूबाई दचकायच्या, 'येते' म्हणायचं. नवऱ्याला तर सरळ 'तुम्ही' म्हणायचीसुद्धा चोरी. 'इकडून जेवणं कधी व्हायचं?' असं खांबाकडे बघून विचारायचं, आणि खांबानं उत्तर द्यायचं. मला हे सगळं जमायला फार दिवस लागले. पूर्णपणे कधी जमलंच नाही.

आता यांच्याविषयी. हे कलेक्टर कचेरीत तर्जुमे करत. मराठी अर्ज, जबान्या, तक्रारी यांच्याकडे यायच्या आणि इंग्रजी होऊन साहेबाच्या मेजावर जायच्या. कचेरीतल्या दोघाचौघांच्या बायका इंग्रजी वाचायला लागल्याचं यांच्या कानावर आलं, तेव्हा आपली मागे राहायला नको म्हणून यांनी मला शिकवायचं ठरवलं. रविवारी दुपारी ओसरीच्या आतल्या अंगाला आमची शाळा भरायची. सासूबाई पाठ करून वाती वळत बसायच्या आणि एकूण एक शब्द ऐकायच्या.

पहिल्या पुस्तकातला कोल्हा आणि द्राक्षं संपली, आणि यांनी खरं इंग्रजी सुरू केलं.

"इंग्रजीत वाक्य उघडं ठेवायचं नाही," हे म्हणाले. "त्यावर झाकण घालायचं. साहेबाला 'हे चूक आहे' म्हणायचं असेल, तर काय म्हणशील?"

"धिस इज राँग."

यांनी कानांवर हात ठेवले. "अगं, अशानं माझी नोकरी जाईल. म्हणायचं, 'आय ॲम अफ्रेड, धिस मे परहॅप्स बी अ मिस्टेक.'"

"आय ॲम अफ्रेड म्हणजे?"

"मला भीती वाटते."

"कोणाची?"

"कोणाची नाही गं. तशी म्हणायची रीत आहे."

भीती वाटत असताना वाटत नाही म्हणणारी माणसं मी पाहिली होती. वाटत नसताना वाटते म्हणायचं, हे मला नवीन होतं. तिकडून सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणतो तो?" मी सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी आणखी दोन वाती वळल्या आणि मग म्हणाल्या, "चांगली भाषा दिसते. माणसं घरंदाज असावीत."

झालं! इंग्रजीला सासूबाईंचा आशीर्वाद मिळाला आणि माझ्या सुटकेची आशा संपली. पुढे रविवारमागून रविवार मी झाकणंच पाठ केली. परहॅप्स म्हणजे कदाचित. आय थिंक म्हणजे मला वाटतं. रादर, अ लिटल, इट सीम्स. हे म्हणायचे, गरम पातेलं आपण फडक्यानं धरतो ना, तसं इंग्रजी वाक्य धरायचं. मला पुढे पुढे ते इतकं अंगवळणी पडलं, की उघडं वाक्य तोंडात यायच्या आधीच त्याच्यावर फडकं पडायचं. मराठीत मी होते तशीच फटकळ राहिले, पण इंग्रजीत माझ्याइतकी घरंदाज बाई ठाण्यात नव्हती.

त्या वर्षी कोजागिरी होऊन गेली होती. एका सकाळी सासूबाई पूजेवरून उठल्या त्या भिंत धरूनच. "जरा चमक आली," म्हणाल्या. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. आळीतल्या वैद्यांनी चूर्ण दिलं, तेही उलटून पडलं. दुपारपर्यंत चेहरा पार उतरून गेला. हे कचेरीतून मध्येच घरी आले, त्यांनी आईकडे एकदा पाहिलं आणि तडक सरकारी दवाखान्यात जाऊन गोऱ्या डॉक्टरलाच घेऊन आले. आळीत गोरा माणूस आला म्हणून पोरंटोरं दारात जमली.

डॉक्टर नुकताच दुसऱ्या मुलखातून बदलून आला होता. मराठी औषधालाही नाही, हिंदुस्थानी मोडकंतोडकं. परक्या पुरुषासमोर सासूबाई येणार नाहीत, आणि आईच्या पोटाबिटाचं मुलानं विचारायचं नाही. तेव्हा डॉक्टर ओसरीवर खुर्चीत, सासूबाई माजघरात चटईवर, आणि मध्ये दाराआड मी, अशी योजना झाली. यांनी जाता जाता मला बजावलं, "नीट बोल हं. शिकवलंय तसं."

डॉक्टरनं विचारलं, दुखतं कुठे आणि किती? मी वळून सासूबाईंना विचारलं.

"जरा पोटात कसंसंच होतं म्हणावं," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "बाकी काही नाही. उगीच त्याला त्रास."

आता माझी तऱ्हा बघा. सासूबाईंनी आपल्या दुखण्यावर आधीच एक झाकण घातलं होतं. ते उचलून मी इंग्रजीच्या हवाली केलं, तर इंग्रजीत माझ्याजवळ झाकणांशिवाय दुसरं होतंच काय? "शी हॅज, परहॅप्स, अ लिटल पेन, आय थिंक," मी म्हटलं. ओसरीवरून यांनी समाधानानं मान हलवलेली मला फटीतून दिसली.

ओकाऱ्या? "जरा मळमळल्यासारखं." इंग्रजीत ते 'रादर' झालं. आधी कधी झालं होतं का असं? "छे गं." पोटाला हात लावून पाहायला हवा. "काय बाई तरी! नाडी बघ म्हणावं हवी तर." मग त्यांनी मनगट तेवढं दाराबाहेर काढलं. डॉक्टरनं नाडी पाहिली, भुवया जरा वर केल्या, पुन्हा विचारलं, 'फक्त थोडंसं दुखतंय ना?' आणि मी आतून सांगितलं, 'इट सीम्स सो.' त्याला हायसं वाटलं असावं. पचनाची तक्रार दिसते, औषध पाठवतो, असं म्हणून तो गेला. यांनाही हायसं वाटलं. मला म्हणाले, "छान बोललीस. एकही वाक्य उघडं नव्हतं."

औषध आलं, घेतलं आणि बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कल्याणला गेले. तिथल्या मामलेदार कचेरीत कसल्याशा जबान्या घ्यायच्या होत्या. आई अशी असताना जाऊ नये हे त्यांना कळत होतं, आणि साहेबाला तसं सांगूनही आले होते म्हणे. तरी साहेब जा म्हणाला. मला त्या साहेबाचा असा राग आला, की गाडी गेल्यानंतर बराच वेळ मी त्याला मनातल्या मनात मराठीत बोलत होते.

सासूबाईंना तशातही स्नान हवं होतं. पारोशानं देवाचं नाव कसं घ्यायचं? मी पाणी काढलं, त्यांना धरून उभं केलं, आणि त्या दोन पावलांत माझ्या अंगावर कोसळल्या. लुगडं सावरताना पाहिलं, तर त्यांनी एक हात जांघेवर घट्ट दाबून धरला होता. मी तो हात ओढून काढला. खाली लिंबाएवढी गाठ होती, तांबडीलाल आणि टणक. नुसतं बोट लागलं तर त्या कळवळून ओरडल्या. माझ्या सासूबाई ओरडल्या!

"हे काय? हे कधीपासून आहे?"

"वर्षभर. जरा सूज येते नि जाते. निजलं की आत जाते." त्यांना दम लागला होता. "कालपासून जात नाही."

"मग काल सांगितलं का नाही?"

"अगं, असल्या जागेचं कोणाला सांगायचं?"

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि कोणावर संतापायचं ते कळत नव्हतं. आमच्या कल्याणच्या आळीत एक गृहस्थ अंतर्गळानं गेले होते. आतडं बाहेर येऊन अडकतं, आत जात नाही, आणि दोन-तीन दिवसांत माणूस संपतो, हे मी माहेरी ऐकलं होतं. संपतो. वाढत नाही.

शेजारच्या काकूंना हाक मारून मी सासूबाईंजवळ बसवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि बाहेर पडले. त्या काळी आमच्यातली सून भर सकाळी एकटी रस्त्यानं गेली, तर आळीला आठवडाभर दुसरा विषय लागत नसे. तलावाच्या कडेनं, देवळापुढून, बाजारातल्या वाण्यांच्या डोळ्यांसमोरून मी जवळजवळ पळतच गेले. वाटेत वाक्य जुळवत होते. आय ॲम अफ्रेड, माय मदर-इन-लॉ इज परहॅप्स... परहॅप्सच्या पुढे माझं वाक्य जाईना. तिथे पोचलं की पुन्हा पहिल्यापासून.

दवाखान्याच्या पायऱ्यांशी डॉक्टरचा टांगा उभा होता आणि तो त्यात चढत होता. खाडीपलीकडे कळव्याला कोणाला तरी बघायला निघाला होता. पट्टेवाला मला अडवायला आला. मी त्याच्या हाताखालून गेले आणि टांग्याच्या चाकाशी उभी राहिले. डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या आणि खिशातलं घड्याळ काढलं.

घड्याळ पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यातलं सगळं फडकं जळून गेलं.

"यू आर राँग," मी म्हटलं. "शी इज डाइंग. कम नाऊ."

मागे उभ्या असलेल्या कंपौंडरच्या हातातली बाटली पडायची राहिली. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. कालचा दाराआडचा आवाज त्यानं ओळखला असावा, कारण तो म्हणाला, काल तर तू थोडंसं दुखतंय म्हणालीस.

"नॉट लिटल," मी म्हटलं. गाठीला इंग्रजी शब्द मला येत नव्हता. तो पुस्तकात नव्हता आणि यांनी तो मला कधी शिकवलाही नसता. मी भर दवाखान्याच्या दारात, पट्टेवाल्यासमोर, कंपौंडरसमोर, लुगड्यावरूनच माझ्या जांघेवर मूठ ठेवली. "हिअर. हार्ड. रेड."

त्यानं घड्याळ खिशात टाकलं. कंपौंडरला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं, तो आत धावला आणि पेटी घेऊन आला. मी टांग्यात मागे बसून घरी आले. आळीला महिनाभराचा विषय मिळाला. मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं, की चला, एक तरी वाक्य पोचलं.

घरी दुसरी लढाई होती. सासूबाईंनी डॉक्टर पाहिला आणि पाय जवळ ओढून घेतले. परपुरुष, त्यातून परधर्माचा, आणि हात लावणार कुठे, तर तिथे! "त्यापेक्षा मेलेली बरी," त्या म्हणाल्या.

"मग मरालच," मी म्हटलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. "हात लावू दिला नाहीत तर उद्यापर्यंत मराल सासूबाई. आणि मला तुम्ही हव्या आहात."

हे शेवटचं मी कसं बोलून गेले, देव जाणे. तोवर मलाच ते ठाऊक नव्हतं. दिवसातून दहा वेळा माझी जीभ आवरणारी ही बाई मला हवी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या तोंडावर पदर टाक."

मी पदर टाकला आणि त्यांचा हात धरून बसले. कंपौंडरनं रुमालावर कसलंसं औषध शिंपून त्यांच्या नाकाशी धरलं. गोड, डोकं भणाणणारा वास घरभर पसरला आणि त्यांची मूठ माझ्या हातात सैल झाली. डॉक्टर गुडघ्यांवर बसला होता, कोट काढून, बाह्या वर करून. दोन्ही हातांनी तो ती गाठ हळूहळू दाबत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आत कुठेतरी गुडगुड असा आवाज आला आणि त्याच्या हाताखालची गाठ नाहीशी झाली. तो मागे बसला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. मीही सोडला. मला वाटतं, कंपौंडरनंसुद्धा सोडला.

ओसरीवर हात धुताना डॉक्टर म्हणाला, "आय थिंक शी मे, परहॅप्स, डू वेल."

मघापासून जमवलेला माझा धीर तिथे सुटला. हे परहॅप्स कुठलं? यांनी शिकवलेलं, रीतीचं? की खरंच कदाचित? त्याच्याही भाषेत ही झाकणं असतात, आणि झाकणाखाली काय आहे ते बाहेरून दिसत नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाचणार हे तो नम्रपणे सांगत होता, की मरणार हे?

"साहेब, नो परहॅप्स," मी म्हटलं. "लिव्ह ऑर डाय?"

तो रागावला नाही. हात पुसता पुसता थांबला आणि माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. मला ठाऊक नाही, तो म्हणाला. आतडं फार वेळ अडकून होतं. आत गेलं, पण आत ते जिवंत आहे की नाही, हे मला बाहेरून दिसत नाही. जिवंत असेल तर उद्या-परवाकडे तिला भूक लागेल. तिनं आपण होऊन खायला मागितलं की समज, वाचली. मग भाताची पातळ पेज दे आणि मला निरोप पाठव. तोवर फक्त पाणी.

मला ठाऊक नाही! इतकं सरळ इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि खरं सांगते, त्यानं मला बरंच वाटलं. निदान आता मला कशाची वाट पाहायची ते कळलं होतं.

संध्याकाळच्या गाडीनं हे आले. वाटेत कंपौंडरनं आणि दारात काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. आत येऊन आईजवळ बसले, तिला ग्लानी होती. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन मला म्हणाले, "यू आर राँग म्हणालीस? तोंडावर?"

"हो."

ते खाली बसले. पगडी डोक्यावरून काढली, ती खुंटीला लावायचं सोडून हातात धरून राहिले. थोड्या वेळानं मी खांबाकडे बघून विचारलं, "काल कलेक्टर साहेबाला काय सांगणं झालं होतं?"

यांनी सांगितलं. भीती वाटते की मातोश्रींची प्रकृती, बहुधा, किंचित अस्वस्थ असावीशी वाटते. तरी सोयीचं असल्यास कल्याणचं काम जरा पुढे ढकलावं. साहेब म्हणाला होता, 'ओह, किंचित ना? मग बरं झालं. उद्या कल्याणला जाऊन या.' बोलता बोलता यांनी हातातली पगडी जमिनीवर ठेवली. मी पहिल्यांदाच खांबाला सोडून त्यांच्याकडे बघून बोलले. म्हटलं, "जाऊ द्या. गाठ आत गेलीय." आणि साहेबाला दिवसभर दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

आता राहिली होती एक गोष्ट: सासूबाईंना भूक लागायला हवी होती. आणि दुसऱ्या दिवशी एकादशी!

वाचणाऱ्यांनी माझी पंचाईत ध्यानात घ्यावी. जन्मात कधी भूक लागली न म्हणणारी बाई, तिला डॉक्टरनं सांगितलं होतं, भूक लागली म्हण म्हणजे वाचलीस. तेही एकादशीला, ज्या दिवशी त्या तुळशीच्या तीर्थावर राहायच्या. सकाळी त्या शुद्धीवर होत्या. ओकारी थांबली होती. चेहरा मात्र तसाच. मी विचारलं, "भूक आहे का?" "नाही गं. आज एकादशी ना?" मग यांनी जाऊन विचारलं, "आई, काही खावंसं वाटतं?" "तुम्ही जेवा बाळ, माझं काय." आता यातून काय समजायचं? मग कंपौंडर दाराशी आला, साहेबांनी विचारलंय म्हणून. हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी कंपौंडरला म्हटलं, "ठाऊक नाही." तो गेला. त्या माजघरात पोट जिवंत आहे की मेलेलं, याची खबर फक्त एका माणसाला होती, आणि ते माणूस सभ्यपणापायी सांगत नव्हतं.

शेवटी मी त्यांच्या चटईशी जाऊन बसले.

"सासूबाई, डॉक्टर म्हणाला, भूक लागली तर तुम्ही वाचाल. नाही लागली तर नाही. म्हणून विचारतेय. एकादशीचं विचारत नाही, आमच्या जेवणाचं विचारत नाही. तुमच्या पोटाचं विचारतेय. हो तर हो म्हणा. नाही तर नाही म्हणा. पण जरा म्हणू नका."

त्या आढ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार, आणि देवाशप्पथ, ती निघाली असती तरी मला आनंदच झाला असता.

"नाही," त्या म्हणाल्या. "भूक नाही." मग थोड्या वेळानं, "खरंच नाही."

एवढं सरळ उत्तर त्यांनी मला कधी दिलं नव्हतं, आणि एवढं वाईटही. मी उठून विहिरीवर गेले आणि तिथे रडून घेतलं. तिथे रडलं तर रहाटाच्या आवाजात खपून जातं. तरी परत येताना मनात एक आलं, की आता निदान त्या खोटं बोलणार नाहीत. नाही म्हणाल्या ते नाही होतं. तर मग, देवाच्या कृपेनं हो आलंच, तर तेही हो असेल.

दुपार उलटली. यांनी रजा मागितली होती. कोणत्या शब्दांत ते मी विचारलं नाही, पण मिळाली होती. ते ओसरीवर बसून होते, हातात पुस्तक आणि पान उलटत नव्हतं. मी चुलीपुढे बसून पेज शिजवत होते. कोणी मागितली नव्हती, पण चूल विझवायला माझा हात होईना. एकादशीला घरात तांदूळ शिजला म्हणून काकू येऊन नाक मुरडून गेल्या.

आणि माजघरातून हाक आली.

"सूनबाई!"

आवाज बारीक होता, पण ओसरीपर्यंत गेला. मी पळी टाकून धावले. सासूबाई कोपरावर रेलून उठल्या होत्या. डोळे माझ्यावर रोखले होते, आणि चेहऱ्यावर, काय सांगू, चक्क राग होता, जेवायला उशीर झालेल्या माणसाला येतो तसा.

"मला भूक लागली आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. "एकादशी आहे हे मला ठाऊक आहे. भूक लागलीय. तांदूळ शिजल्याचा वास येतोय, तो काय उगीच?"

ओसरीवर पुस्तक धपकन पडलं. हे दारात आले, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पगडी न घालता, वहाणा न घालता दवाखान्याकडे निघाले. चार पावलं गेले आणि परत फिरले. ज्यांनी मला इंग्रजीचं पहिलं अक्षर शिकवलं, ते अंगणात उभे राहून मला विचारत होते, "काय सांगू त्याला?"

"शी इज हंग्री," मी म्हटलं. "एवढंच."

ते पळाले. आळीतल्या पोरांनी त्यांना तसं पळताना कधी पाहिलं नव्हतं. मी आत आले, चुलीवरून पातेलं उतरवलं. फडकं समोर होतं तरी ते घ्यायचं विसरले आणि बोटं पोळली, तेव्हा कुठे मला भान आलं, की मी हसतेय आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. डॉक्टरनं सांभाळून द्यायला सांगितलं होतं. मी पेजेवरची निवळ वाटीत घेतली, तळाशी बसेल एवढीच, आणि दाराशी जाऊन विचारलं, "जराशी देऊ ना आधी?"

"जराशी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "वाटी भरून आण. आणि मीठ घाल."